झीज हाच पुरावा

अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, घोडदळाच्या हाती आलेल्या कारबाइनना, म्हणजे आखूड बंदुकांना, आज संग्राहकांच्या जगात मोठी प्रतिष्ठा आहे. १८९८पर्यंत बनलेली बंदूक तिथल्या संघीय कायद्यात ‘अँटिक’ ठरते, म्हणून तिची खरेदी-विक्री तुलनेने सोपी असते. या बाजाराचा दंडक साधा आहे : बंदूक जितकी कोरी, तितकी किंमत जास्त. नळीवरची निळी झाक शाबूत हवी, कुंद्यावर ओरखडा नको, तपासनिसाचा शिक्का ठसठशीत हवा. सौंदर्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने उफराटे आहे. जी कारबाइन पेटीबाहेर आलीच नाही, तिच्याजवळ सांगण्यासारखे थोडेच असते. वापरलेली, दुरुस्त झालेली, सैन्यानेच बदललेली कारबाइन हा खरा दस्तऐवज आहे आणि संग्राहकाने ती त्याच भावनेने जपली पाहिजे.

या शस्त्राचा जन्म एका अडचणीतून झाला. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. घोड्यावर बसून ते करणे महाकठीण. मागून काडतूस भरले की स्वाराची सोय होते, पण मागच्या सांध्यातून जळता वायू निसटतो, माऱ्याचा जोर घटतो आणि झळ चेहऱ्यापर्यंत येते. १८३३ सालची हॉल कारबाइन सैन्याने स्वीकारली, पण ही गळती तिच्या वाट्याला आलीच. पुढची तीस वर्षे ती बुजवण्यात गेली. ख्रिश्चन शार्प्स यांनी वरखाली सरकणारा ठोकळा बसवला. वर येताना त्याची धार कागदी किंवा कापडी काडतुसाचे टोक कापून टाकी. अँब्रोस बर्नसाइड यांनी शंकूच्या आकाराचे पितळी काडतूस आणले, गिल्बर्ट स्मिथ यांनी रबराचे. पेशाने दंतवैद्य असलेल्या एडवर्ड मेनार्ड यांचे पितळी काडतूस पुन्हा भरून वापरता येई. ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी १८६० साली पेटंट घेतलेल्या रचनेत स्फोटक काडतुसाच्या कडेतच होते आणि कुंद्यातल्या नळकांड्यात सात काडतुसे मावत. उत्तरेच्या सरकारने स्पेन्सर कारबाइन ९० हजारांहून अधिक, शार्प्स ८० हजारांहून अधिक आणि बर्नसाइड ५० हजारांहून अधिक घेतल्या. म्हणजे एकाच सैन्यात एकाच वेळी अनेक उत्तरे वापरात होती. त्यांतले कोणते टिकले, हे कारखान्याच्या जाहिरातीपेक्षा झिजलेले सांधे अधिक प्रामाणिकपणे सांगतात.

युद्धानंतरचा काळ हे आणखी स्पष्ट करतो. धातूचे काडतूस जिंकले होते, पण सरकारच्या कोठारांत कागदी काडतुसाच्या शार्प्स पडून होत्या. १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांतल्या सुमारे ३१ हजार कारबाइन नव्या काडतुसासाठी बदलून घेण्यात आल्या. त्यांच्या कुंद्यावर फितीसारख्या चौकटीत नव्या तपासनिसाची डी. एफ. सी. ही आद्याक्षरे दिसतात. ज्यांच्या नळ्या जास्त रुंद होत्या, त्यांना आतून नवे अस्तर बसवलेले आढळते. स्पेन्सरमध्येही स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याने असेच अस्तर घातले. शिवाय स्टॅब्लर यांची एक कळ बसवली, जिच्यामुळे नळकांड्यातला साठा राखून एकेक काडतूस हाताने भरता येई. दारूगोळा फार लवकर संपेल ही त्या काळच्या अधिकाऱ्यांची धास्ती त्या छोट्या कळीत आजही दिसते. मूळ रूपाचा हट्ट धरणारा संग्राहक अशा कारबाइनला बिघडवलेली म्हणतो. प्रत्यक्षात तिच्यात शस्त्रविद्येच्या दोन पिढ्या एकत्र नांदत असतात.

यावर रास्त आक्षेप असा की मग कोणताही बदल इतिहासच मानावा लागेल. तसे नाही. बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला, यावर सारे ठरते. सैन्याने गरजेपोटी केलेला बदल हा पुरावा. विकणाऱ्याने किंमत वाढावी म्हणून केलेला बदल ही पुराव्याशी लबाडी. कुंद्यात दळणयंत्र बसवलेल्या शार्प्स हे याचे ठळक उदाहरण. खऱ्या अगदी मोजक्या आहेत; बाजारात दिसणाऱ्या बहुतेक नंतर घडवलेल्या नकला आहेत. दक्षिणेच्या राज्यांत रिचमंड इथे रॉबिन्सन कारखान्याने केलेल्या शार्प्सच्या प्रतिकृतींचा न्याय वेगळा. त्यांचे ओबडधोबड काम दक्षिणेची औद्योगिक दुर्बळता दाखवते. ते घासून गुळगुळीत केले तर ती साक्षच पुसली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माणसे मारण्याची साधने जपणे म्हणजे हिंसेचा गौरव नव्हे काय? याचे उत्तर एका लढाईच्या अभ्यासात मिळते. २५ जून १८७६ रोजी मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सैन्याचे अधिकारी कस्टर यांच्या तुकडीचा पुरता पराभव केला. सैनिकांच्या १८७३ नमुन्याच्या स्प्रिंगफील्ड कारबाइनमध्ये तांब्याची काडतुसे अडकली म्हणून ते हरले, ही समजूत शंभर वर्षे चालली. १९८३च्या वणव्याने रणभूमीवरचे गवत जळाले आणि पुढच्या वर्षीपासून तिथे उत्खनन झाले. काडतुसांवरच्या आघातसुईच्या खुणा तपासून एकेका बंदुकीची हालचाल शोधता आली. अडकलेल्या काडतुसांचे प्रमाण फार थोडे निघाले आणि योद्ध्यांकडे नाना तऱ्हेच्या बंदुका होत्या, त्यांत सलग गोळ्या झाडणाऱ्याही, हे सिद्ध झाले. एका जुन्या शार्प्स बंदुकीचा संबंधही अशाच तपासणीतून या लढाईशी जोडता आला. सुई बदललेल्या बंदुकीतून हे साधले नसते. पराभवाचे खापर बंदुकीवर फोडणारी कथा मागे पडली आणि योद्ध्यांच्या सामर्थ्याला न्याय मिळाला. हा हिंसेचा गौरव नव्हे.

संग्रहालये असताना खासगी संग्राहक कशाला, असेही विचारले जाते. संग्रहालय सहसा नामांकित नमुना मांडते. पण एकाच नमुन्याच्या शेकडो बंदुका शेजारी ठेवून क्रमांक, शिक्के आणि सुटे भाग ताडून पाहण्याचे चिवट काम बरेचसे संग्राहकांनीच केले आहे. त्या कामामुळेच बनावट माल उघडा पडतो. म्हणून त्यांच्याकडून अपेक्षाही मोठी आहे. गंज वाढू नये इतकी काळजी घ्यावी, पण घासून चकाकी आणू नये. मूळ सुटा भाग फेकू नये. जुनी कागदपत्रे बंदुकीपासून तोडू नयेत. आणि नोंदी अभ्यासकांना खुल्या ठेवाव्यात. किंमत मालकाबरोबर बदलते. एकदा घासून काढलेली खूण मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही, म्हणून संग्राहकाचे पहिले कर्तव्य मालकीचे नसून राखणदारीचे आहे.