शेजाऱ्याचा कुत्रा आणि आपली शेळी : उपद्रवाचा बंदोबस्त कसा करावा

कुत्रा हा शेतकऱ्याचा फार जुना सोबती आहे. खळ्यावरील धान्याची राखण, गोठ्याची पहारेदारी आणि मेंढरांच्या कळपाची सोबत ही कामे तो पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. परंतु हाच कुत्रा मोकाट सुटून शेजाऱ्याच्या शेळ्या, कोकरे, वासरे किंवा कोंबड्या यांवर धावू लागला म्हणजे दोन घरांत वैर उत्पन्न होते. ज्याची शेळी मेली तो म्हणतो, ‘तुमच्या कुत्र्याने मारली’. ज्याचा कुत्रा तो म्हणतो, ‘माझा कुत्रा रात्रभर ओट्यावर होता.’ पुढे शब्दाने शब्द वाढतो, कोणीतरी भाकरीत विष घालतो आणि एका शेळीवरून सुरू झालेला तंटा पोलीस ठाण्यापर्यंत जातो. हे टाळण्यासाठी उपद्रवाचे कारण, जखमी जनावराची शुश्रूषा, नुकसानीची नोंद आणि कायम स्वरूपाचा बंदोबस्त यांविषयीची माहिती येथे दिली आहे.

कुत्रा जनावरांवर का धावतो?

‘कुत्र्यास एकदा रक्ताची चटक लागली की तो सुधारत नाही,’ अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः पळणाऱ्या प्राण्याचा पाठलाग करणे ही कुत्र्याची उपजत प्रवृत्ती आहे. भेदरलेली शेळी पळते म्हणून कुत्रा धावतो आणि एकदा यश मिळाले की तो पुन्हा तसेच करू पाहतो. यामुळेच पोटभर खाल्लेला कुत्राही शेळ्या फाडतो आणि बहुधा त्या खातही नाही. दोन-तीन कुत्री एकत्र आली म्हणजे ही प्रवृत्ती अधिकच बळावते. गावच्या शिवेवर उघडी टाकलेली मेलेली जनावरे, खाटकाच्या दुकानाबाहेरील आतडी आणि कोंबडीचे टाकाऊ भाग यांमुळे अशा टोळ्या एकत्र जमतात.

प्रसंग घडून गेल्यावर कुत्र्यास मारझोड केल्याने काहीही साधत नाही. तासाभरापूर्वीच्या कृत्याचा आणि आताच्या माराचा संबंध त्यास कळत नाही. मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधणे किंवा ओढाळ गुराप्रमाणे लोढणे अडकविणे हेही खरे उपाय नव्हेत. पाठलागाची संधीच मिळू न देणे हाच खरा उपाय होय.

प्रथम खात्री करून घ्यावी

आरोप करण्यापूर्वी जनावर कोणी मारले हे नीट पाहावे. बिबट्या बहुधा नरड्यास किंवा मानेस पक्की पकड घेतो आणि भक्ष्य ओढून नेतो. कुत्र्यांच्या हल्ल्यात मागील पाय, मांड्या, कास, शेपटी, कान अशा अनेक ठिकाणी वेड्यावाकड्या जखमा दिसतात. एकाच वेळी अनेक जनावरे घायाळ होतात आणि मांस मात्र फारसे खाल्लेले नसते. मातीत ठसे असल्यास तेही पाहावेत. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. मात्र लांडगा, तरस व कोल्हा यांच्याही ठशात नखे दिसतात, म्हणून केवळ तेवढ्यावरून निर्णय करू नये.

ही खात्री आणखी एका कारणाने आवश्यक आहे. वाघ, बिबट्या, लांडगा इत्यादी वन्य प्राण्यांनी पाळीव जनावर मारल्यास वन विभागाकडून आर्थिक साहाय्य मिळते. त्यासाठी मृत जनावर जागेवरून न हलविता वन कर्मचाऱ्यांस विनाविलंब कळवून पंचनामा करवून घ्यावा लागतो. कुत्र्याने केलेल्या हानीस हे साहाय्य लागू नाही. तेथे प्रश्न कुत्र्याच्या मालकाशीच सोडवावयाचा असतो.

जखमी जनावराची शुश्रूषा

कुत्र्याच्या दाताची जखम वरून लहान दिसली तरी आत खोल असते. कातडीखाली मांस फाटलेले असते आणि दातांबरोबर रोगजंतू आत शिरलेले असतात. म्हणून पुढीलप्रमाणे तत्काळ उपचार करावेत.

१. जनावरास सावलीत, शांत जागी बांधावे. घाबरून धापा टाकणारे जनावर जखम किरकोळ असली तरी दगावू शकते. गाभण शेळ्या-मेंढ्या धावपळीने गाभडतात, म्हणून पुढील काही दिवस त्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

२. हातात रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. जखमेभोवतीचे केस कापावेत आणि नंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे.

३. तिखट, चुना, राख, शेण किंवा बॅटरीतील काळी पूड जखमेवर लावू नये. जखम घरी शिवू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे.

४. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे किंवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जखमेत माश्या बसून अळ्या पडू नयेत म्हणून ती बरी होईपर्यंत रोज पाहावी.

पिसाळ रोगाचा धोका

सर्वांत मोठी भीती पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची आहे. हा रोग विषाणूमुळे होतो आणि चावणाऱ्या जनावराच्या लाळेतून पसरतो. एकदा लक्षणे दिसू लागली की त्यावर उपचार नाही. लक्षणे मात्र लगेच दिसत नाहीत. त्यास बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणून ‘शेळी चारा खाते आहे, तिला काय झाले?’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. चावा घेतल्याचा दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी जनावरास प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. पहिली मात्रा शक्य तितक्या लवकर द्यावी आणि पुढील एकही चुकवू नये.

चावणारा कुत्रा ओळखीचा असल्यास त्यास बांधून १० दिवस नजरेखाली ठेवावे. या मुदतीत तो निरोगी राहिला तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रोगाचा विषाणू नव्हता असे समजता येते. रागाच्या भरात कुत्रा मारून टाकणारा मनुष्य हा पुरावाच नाहीसा करतो. मात्र या दहा दिवसांच्या निकालाची वाट पाहत लस थांबवू नये. लस चालू करावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसे करावे.

पिसाळलेली गाय किंवा म्हैस वारंवार हंबरते, तिच्या तोंडातून लाळ गळते व तिला गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल असे वाटून पुष्कळ जण तोंडात हात घालून पाहतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. अशा जनावराचे दूध वापरू नये आणि मांस विकू किंवा खाऊ नये. ज्यांच्या हातावरील ओरखड्यास लाळ लागली असेल किंवा ज्यांनी असे दूध कच्चे प्यायले असेल, त्यांनी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

नुकसानीची नोंद व भरपाई

बोलाचाली होण्यापूर्वी कागद तयार करावा, हे तत्त्व सर्वांनी ध्यानात ठेवावे. मृत किंवा जखमी जनावराची छायाचित्रे घ्यावीत; दिवस, वेळ व जागा लिहून ठेवावी; प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोघा-तिघांच्या सह्या घ्याव्यात. पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करवून दाखला घ्यावा. विमा उतरविलेला असल्यास जनावराच्या कानातील बिल्ला काढू नये आणि विमा कंपनीस त्वरित कळवावे. हे सर्व झाल्यावरच मृत जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

भरपाईची रक्कम ठरविताना बहुधा मटणाच्या भावाने हिशेब होतो. तो योग्य नव्हे. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. नीट सांभाळलेली शेळी दोन वर्षांत तीन वेळा विते आणि उस्मानाबादी जातीत जुळी करडे पुष्कळदा होतात. म्हणजे गाभण शेळी मेली तर आज एक जनावर गेले आणि चार-पाच महिन्यांनी विकता येणारी करडेही गेली. दूध देणारी असेल तर मागे राहिलेल्या करडांस वरचे दूध पाजण्याचा खर्चही येतो. जिच्याजवळ जमीन नाही आणि दोन शेळ्यांवरच जिचा संसार चालतो अशा बाईच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. म्हणून वय, वेत, गाभणपणा व बाजारातील चालू किंमत पाहून रक्कम ठरवावी. उपचार व लस यांचा खर्च त्यात वेगळा धरावा.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील जनावरापासून मनुष्याच्या जीवितास धोका किंवा जबर दुखापत संभवत असता योग्य काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम मनुष्यास असलेल्या धोक्यापुरते आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या हानीची भरपाई आपसात किंवा दिवाणी न्यायालयात मागावी लागते. अशा वेळी, कुत्र्याची खोड मालकास ठाऊक होती हे दाखविता आल्यास आपली बाजू बळकट होते. म्हणून पहिल्याच प्रसंगी मालकास साध्या भाषेत लेखी सूचना द्यावी व तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी.

विष घालणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. त्याच संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावर मारणे, त्यास विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय विषाचा घास कोण उचलील याचा नेम नसतो. तो दुसऱ्याचा राखणदार कुत्रा खाईल, घार खाईल किंवा अंगणात खेळणारे मूल उचलील. हल्ला चालू असताना आपले जनावर सोडविण्यासाठी कुत्र्यास हुसकावणे वेगळे आणि मागाहून सूड म्हणून विष घालणे वेगळे.

कुत्र्याच्या मालकाने काय करावे?

१. रात्री आणि गुरे चरावयास सुटण्या-परतण्याच्या वेळी कुत्रा बांधून ठेवावा. साखळी लांब व हलकी असावी. सावली व पाणी जवळ असावे. कुत्र्यास सदैव बांधून ठेवणे व मुळीच फिरवून न आणणे हे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याविरुद्ध आहे आणि त्याने कुत्रा अधिकच खुनशी होतो. म्हणून त्यास रोज दोरी लावून फिरवावे.

२. तीन महिन्यांच्या वयात व पुढे दरवर्षी रेबीजची लस टोचावी. निर्बीजीकरण करवून घ्यावे. त्याने भटकणे व टोळीत मिसळणे कमी होते.

३. कच्ची आतडी किंवा मेलेल्या जनावराचे मांस घालू नये. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात व त्यांची अंडी चाऱ्यावाटे शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जाऊन यकृतात, फुप्फुसांत किंवा मेंदूत पाण्याचे फोड होतात. पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठराविक मुदतीने जंतनाशक औषध द्यावे.

४. नवे पिल्लू आणल्यास त्याच्या पहिल्या तीन महिन्यांतच त्यास शेळ्या, वासरे व कोंबड्या यांची शांतपणे ओळख करून द्यावी. या वयात झालेली सवय जन्मभर टिकते.

आपल्या जनावरांचे रक्षण

शेजारी कितीही भला असला तरी आपला गोठा आपणच पक्का करावा. शेळ्यांच्या वाड्यास पाच ते सहा फूट उंच तारेची जाळी लावावी आणि कुत्रे खालून उकरून आत शिरू नयेत म्हणून ती एक फूट जमिनीत गाडावी किंवा पायथ्याशी मोठे दगड रचावेत. जाळी परवडत नसेल तेथे बाभळीच्या काटेरी फांद्यांचे दाट कुंपण करावे. धनगर बांधव रात्री मेंढ्यांभोवती वाघूर लावतात, तोही चांगला उपाय आहे. कोंबड्यांचे खुराडे जमिनीपासून उंच असावे. करडे व कोकरे एकटी बांधून शेतात जाऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

तक्रार आली म्हणजे कार्यकर्त्याने दोन्ही घरी वेगवेगळे जावे आणि आधी जखमी जनावराच्या उपचाराची व लसीची व्यवस्था लावावी. भरपाईची गोष्ट त्यानंतर काढावी. समेट झाल्यास तो कागदावर घ्यावा व त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : भरपाईची रक्कम व ती देण्याची तारीख, कुत्रा कोणत्या वेळी बांधलेला राहील, लस व निर्बीजीकरण कोणत्या तारखेपर्यंत होईल, आणि पुन्हा प्रसंग घडल्यास काय करावयाचे. त्यावर दोघांच्या व दोन पंचांच्या सह्या असाव्यात. गावी तंटामुक्ती समिती कार्यरत असल्यास तिचे साहाय्य घ्यावे.

कुत्रा कोणाचाच नसेल तर जबाबदारी गावाची ठरते. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण हे ग्रामपंचायतीसह स्थानिक संस्थांचे काम आहे. ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि त्याबरोबरच मेलेली जनावरे पुरण्यासाठी जागा ठरवून घ्यावी, कारण शिवेवरील उघडे मांस बंद झाल्याखेरीज टोळ्या मोडत नाहीत.

शेळी गेली तर ती पुन्हा घेता येते, परंतु पिढ्यांचा शेजार तुटला तर तो सहजासहजी जुळत नाही. याकरिता कुत्र्याच्या मालकाने झालेली हानी नाकारू नये व शेळीच्या मालकाने सूड मनात धरू नये. पहिला चावा घडला त्याच दिवशी जखम धुणे, लस टोचणे, कागद करणे आणि कुत्रा बांधणे ही चार कामे झाली, तर बहुतेक तंटे तेथेच मिटतील.