बी.एस्सी. आता तीन वर्षांची की चार? पालकांनी आधी हे समजून घ्यावं

मागच्या उन्हाळ्यात एक वालिद आमच्याकडे आले. मुलगी साताऱ्यात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपवत होती. ते म्हणाले, "सर, दोन वर्षांनी डिप्लोमा मिळतो म्हणतात. मग तेवढं बस्स झालं ना? रिश्ताही आलाय."

आम्ही त्यांना बसवलं, चहा दिला आणि कागदावर आकडे मांडले. तेच इथं लिहितो, कारण हा प्रश्न सांगली, मिरज, कराड सगळीकडून येतोय.

महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्यांत २०२४-२५ पासून नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची पद्धत आली. आता अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला त्यासाठी तीस तास. एका सेमिस्टरला साधारण २२, म्हणजे वर्षाला ४४. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. तेही चार जादा क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप केल्यावरच. तिसऱ्यानंतर पदवी, आणि चौथ्यानंतर १७६ क्रेडिटची ऑनर्स.

इथंच गफलत होते. डिप्लोमा म्हणजे पदवी नाही. पदवीधर लागणाऱ्या परीक्षा, बी.एड., एम.एस्सी. यांतलं काहीच त्यावर होत नाही. नाइलाजानं सोडावंच लागलं तर तीन वर्षांच्या आत परत येता येतं, पण एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. म्हणून क्रेडिट खात्याचा एबीसी आयडी आणि कागदपत्रं जपून ठेवा.

आता मुलीचं सांगतो. दहावीपर्यंत उर्दू माध्यम. आमच्याकडे ती 'इस्राअ' शिकली, शेजारच्या मराठी शाळेत तेच 'त्वरण', आणि कॉलेजात अ‍ॅक्सलरेशन. अकरावी-बारावी क्लासच्या नोट्सवर निघाली. पण पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत तिची बोबडी वळली. उत्तर येत होतं, इंग्रजी येत नव्हतं. शिवाय विज्ञानाबाहेरचा ओपन इलेक्टिव्ह, भाषा, मूल्यशिक्षण. विषय इतके की पहिले दोन महिने तिला वेळापत्रकच कळलं नाही. मग मैत्रिणींबरोबर रोज अर्धा तास मोठ्यानं इंग्रजीत प्रयोग समजावायला लागली. दुसऱ्या सेमिस्टरला तोंडी परीक्षा बरी गेली.

चौथं वर्ष सगळ्यांनाच लागतं असं नाही. बी.एड. किंवा नोकरी करायची तर तीन वर्षांची पदवी चालते. पण संशोधनाकडे जायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के मिळवणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्स घेता येतं, त्यात प्रकल्प असतो. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पीएच.डी.साठीही पात्रता येते. म्हणजे पहिल्या सेमिस्टरचे गुणही पुढे मोजले जातात. "पहिलं वर्ष रुळायला असतं" हे आता चालत नाही.

एक गोष्ट प्रवेशाच्या आधीच विचारा: इथं चौथं वर्ष आहे का, आणि कोणत्या विषयात? प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयाला ते असेलच असं नाही. मेजर कधी निवडायचा, हेही विचारा.

साताऱ्याला ही परंपरा नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र जेवत, कष्ट करून शिकत. सांगलीचं विलिंग्डन कॉलेजही १९१९ चंच.

त्या वालिदांनी कागद घडी करून खिशात ठेवला. रिश्त्याला त्यांनी दोन वर्षं थांबायला सांगितलंय. मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे, मेजर फिजिक्स.