चमचाभर तुपाचं गणित

मोत्या पुढचे पाय लांब पसरून, छाती फरशीला टेकवून, मागचा भाग वर धरून उभा राहायचा तेव्हा घरातली पोरं टाळ्या वाजवायची. खेळायला बोलावतोय, असं सगळ्यांना वाटायचं. आजीचं म्हणणं वेगळं होतं, तो नमस्कार करतो. तो पोटातली कळ सोसतोय हे कळायला आम्हाला चार महिने लागले. खेळायला बोलावणारं कुत्रं क्षणभर वाकतं, शेपूट हलवतं आणि उड्या मारत पळतं. पोट दुखणारं कुत्रं तसंच वाकून थांबतं, थोड्या वेळानं पुन्हा तसंच करतं, बऱ्याचदा खाणं झाल्यावर. वरच्या पोटावरचा ताण तेवढ्यापुरता सैल व्हावा, एवढीच त्याची धडपड असते. घरात कुत्रं असेल तर हा फरक आधी ओळखायला शिका, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

त्या चार महिन्यांत दर दोन-तीन आठवड्यांनी एकच प्रकार व्हायचा. सकाळी पिवळसर उलटी, दिवसभर ताटाला तोंड नाही, गवत चघळणं, आणि तिसऱ्या दिवशी जणू काही झालंच नाही. "पित्त झालं असेल," असं म्हणत आम्ही पुढे जायचो. शेवटी रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी झाली आणि नाव कळलं: जुनाट स्वादुपिंडदाह.

स्वादुपिंड जठराला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला लागून असतं. साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन ते बनवतं, आणि चरबी, पिष्ट व प्रथिनं पचवणारे पाचकरसही तेच बनवतं. यातले प्रथिनं पचवणारे रस इतके तीव्र असतात की ते निद्रिस्त रूपात साठवलेले असतात आणि आतड्यात पोचल्यावरच जागे होतात. स्वादुपिंडदाहात ते वेळेआधी, पेशींच्या आतच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. असं पुन्हा पुन्हा झालं की मऊ ग्रंथीच्या जागी व्रणासारखी टणक गाठाळ ऊती भरते, आणि ती परत पूर्वीसारखी होत नाही. माणसाला या ग्रंथीविषयी जे कळलं त्यातलं बरंच कुत्र्यांमुळे कळलं. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाल्याचं पाहिलं; १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचे प्रयोग कुत्र्यांवरच केले. त्यांच्या या ग्रंथीचं आपल्यावर ऋण आहे, असं मला मनापासून वाटतं.

"उलटी थांबली, म्हणजे बरा झाला."

सगळ्यांत घातक गैरसमज हाच. जुनाट दुखण्यात दोन झटक्यांच्या मधला काळ शांत दिसतो, पण आत जळजळ मंद चालू असू शकते. पाचकरस बनवणारा सुमारे ९० टक्के भाग निकामी होईपर्यंत पचन कसंबसं निभावतं. त्यानंतर अन्न पचेनासं होतं: कुत्रं हावऱ्यासारखं खातं तरी खंगत जातं, शी ढीगभर, फिकट आणि तेलकट होते. तेव्हा पाचक एन्झाइमची पावडर जन्मभर प्रत्येक खाण्यात मिसळावी लागते. इन्सुलिन बनवणारा भाग गेला तर मधुमेह. पाणी आणि लघवी अचानक वाढली तर साखर तपासलीच पाहिजे. ब १२ जीवनसत्त्वाचं शोषणही कुत्र्यात बरंचसं स्वादुपिंडातून येणाऱ्या एका घटकावर अवलंबून असतं, म्हणून त्याचीही पातळी डॉक्टर पाहतात.

तपासणीबद्दल एक गोष्ट. नेहमीच्या रक्ततपासणीतल्या अमायलेज-लायपेजवरून नक्की निष्कर्ष निघत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडातलंच लायपेज मोजणारी वेगळी चाचणी असते, तिचा आकडा ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर संशय पक्का होतो. पण ग्रंथी आधीच आक्रसलेली असेल तर जुनाट आजारात हीसुद्धा चाचणी नॉर्मल येऊ शकते. त्यामुळे "रिपोर्ट चांगला आहे" एवढ्यावर थांबू नये. लक्षणं, सोनोग्राफी आणि रक्त यांचा एकत्र विचार करावा लागतो.

"स्वादुपिंडाला विश्रांती द्या, दोन-तीन दिवस उपाशी ठेवा."

पूर्वी जनावरांचे डॉक्टरही असंच सांगायचे, त्यामुळे ज्यांच्या घरी आधी कुत्रं होतं ते आजही हाच सल्ला देतात. आता मत बदललं आहे. उपाशी आतड्याचं अस्तर कमकुवत होतं आणि बरं व्हायला उलट वेळ लागतो. मळमळ थांबवणारं आणि वेदना कमी करणारं औषध आधी, आणि उलटी आटोक्यात आली की लगेच, थोडं थोडं, कमी चरबीचं खाणं, असं आज करतात. पाणी तर कधीच तोडू नये, फक्त एकदम वाडगाभर न देता घोटघोट द्यावं. मळमळत असताना सिरिंजनं तोंडात भरवूही नका. त्या अन्नाचीच त्याला किळस बसते आणि बरं झाल्यावरही ते तो खात नाही. आम्ही ही चूक केली आहे. मोत्या आजही दहीभात दिसला की मान फिरवतो.

"घरचं म्हणजे हलकं. आणि मटण बंद केलं की झालं."

इथे थोडं थांबून हिशोब करू, कारण सगळा पथ्याचा गाभा यात आहे.

कुत्र्याच्या या दुखण्यात बंधन मुख्यतः चरबीवर असतं, मांसावर नाही. प्रथिनं त्याला लागतातच. कमी चरबीचं म्हणजे किती? दर १००० कॅलरीमागे सुमारे २० ग्रॅमच्या आत, असं साधारण माप धरतात. नेहमीच्या डॉग फूडमध्ये ते ३० ते ५० ग्रॅम असतं. मोत्या १० किलोचा आहे. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या एवढ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० कॅलरी पुरतात. म्हणजे त्याच्या वाट्याला दिवसभरात जेमतेम साडेबारा ग्रॅम चरबी येते.

आता आपलं स्वयंपाकघर पाहा. एक छोटा चमचा तूप म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम चरबी, त्याच्या दिवसाच्या वाट्यातला मोठा हिस्सा. तबेल्यावरून आलेलं म्हशीचं दूध घ्या: शंभर मिलिलिटरमागे ६-७ ग्रॅम. पेलाभर दूध पाजलं की दिवसाचा कोटा संपला, आणि जेवण अजून व्हायचंच आहे. अंड्याच्या एका पिवळ्यात साडेचार-पाच ग्रॅम, पांढऱ्यात जवळपास काहीच नाही. पनीरच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त चरबीच असते. उलट कातडी काढलेल्या, नुसत्या उकडलेल्या चिकनच्या छातीच्या १०० ग्रॅममध्ये ३-४ ग्रॅम चरबी. तीच तंगडी कातडीसकट घेतली तर ती चौपट होते.

म्हणजे "आम्ही त्याला शुद्ध शाकाहारी केलं" असं सांगत तूप-पोळी, दूध-भाकरी आणि पनीर चारणारं घर नकळत जास्त नुकसान करत असतं. आमच्याकडे हेच झालं होतं. दुखणं कळल्यावर आजीनं मटणाचे तुकडे बंद केले आणि ताकद यावी म्हणून भातावर तूप वाढवलं. तिच्या प्रेमात काही कमी नव्हतं, पण मोत्याचा पुढचा झटका त्याच आठवड्यात आला.

काय चालतं? मऊ भात, उकडलेला बटाटा, लाल भोपळा, दुधी, कातडीविना चिकनची छाती, अंड्याचं पांढरं, साय काढलेल्या दुधाचं ताक. फोडणी नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं-बेदाणेही नकोत.

पण याच यादीला चिकटलेला आणखी एक गैरसमज आहे: चिकन-भात हे कायमचं पथ्य. आठवडाभर चालेल. महिनोनमहिने नुसतं तेच दिलं तर कॅल्शियम, जस्त, काही जीवनसत्त्वं आणि आवश्यक मेदाम्लं कमी पडतात. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून पूरक पावडरचं नाव आणि माप ठरवून घ्या, आणि ते माप अंदाजानं नाही, वजनानं घाला.

"पाकिटावर फॅट कमीच लिहिलंय."

डब्यातल्या ओल्या खाद्यावर ४ टक्के आणि कोरड्या खाद्यावर १० टक्के वाचलं की ओलं चांगलं वाटतं. पण ओल्यात ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० भागांत ४ भाग चरबी, म्हणजे पाणी वगळून २० टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के, म्हणून तिथे साधारण ११ टक्के. पाणी वजा केल्याशिवाय दोन पाकिटांची तुलनाच होत नाही. आणि कॅलरीचा हिशोब केला तर ते ११ टक्केवालंही अपुरं ठरू शकतं: किलोला ३५०० कॅलरी असतील तर १००० कॅलरीमागे चरबी साधारण साडेअठ्ठावीस ग्रॅम होते, २० च्या बरीच वर. "लाइट" किंवा "डाएट" या शब्दांवर विसंबू नका. पोटाच्या विकारांसाठी बनवलेली कमी चरबीची खाद्यं वेगळी मिळतात, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या. नवं खाद्य एकदम सुरू करू नका. सात-दहा दिवसांत जुन्यात थोडं थोडं वाढवत न्या.

"एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?"

भिवंडीत हा प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. आमच्या घराखाली यंत्रमाग आहेत. पाळी बारा तासांची, दिवसाची आणि रात्रीची. सकाळी पाळी सुटली की कामगार चहाबरोबर खारी खातो, एक तुकडा मोत्याला. रात्रीच्या पाळीवर येणारा बटर भिजवतो, एक तुकडा मोत्याला. काका दुपारी जेवताना पोळीचा काठ टाकतात. पोरं फरसाणाच्या पुडीतलं शेवटचं झटकतात. प्रत्येकानं "एवढंसंच" दिलं आणि ते खरंही आहे. बेरीज फक्त मोत्याच्या पोटात होते. खारीचे थर तर वनस्पती तुपानंच सुटलेले असतात. साधं ग्लुकोजचं बिस्कीटसुद्धा दहा टक्क्यांहून जास्त चरबीचं असतं.

आणि उकिरडा. कचऱ्यातलं, कुजलेलं, तेलकट काहीबाही खाणं हे या दुखण्याचं ओळखीचं निमित्त आहे. अंजूरफाट्याच्या गोदामांभोवती फिरणारी कुत्री ट्रकवाल्यांच्या ढाब्यांचं उरलंसुरलं खातात. पाळलेलं कुत्रं फाटकातून सुटलं तर तेही तिथेच पोचतं. फिरवताना साखळी सोडू नये.

आमच्याकडे बदल झाला तो एका सोप्या गोष्टीनं. दिवसाचं सगळं खाणं सकाळी वजनकाट्यावर मोजून चार स्टीलच्या डब्यांत भरून ठेवतो: सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा. एकदम मोठं ताट खाल्लं की स्वादुपिंडाला एकदम मोठा रस सोडावा लागतो. तेच चार वेळा थोडं थोडं दिलं तर ताण विभागतो, आणि लांबलेल्या उपाशीपणानं होणारी सकाळची पिवळी उलटीही कमी होते. डबा रिकामा दिसला म्हणजे दिलेलं आहे, पुन्हा द्यायचं नाही. पाळी कुणाचीही असो, हे सगळ्यांना कळतं. पाचवी छोटी डबी कारखान्याच्या दारात ठेवली, उकडलेल्या चिकनच्या नखाएवढ्या तुकड्यांची, त्याच दिवसाच्या मापातून काढलेली. कामगारांना त्याला काहीतरी द्यायचंच असतं. देऊ नका म्हटलं असतं तर त्यांनी लपून दिलं असतं.

वजन महिन्यातून एकदा. जाड कुत्र्यांत हे दुखणं जास्त दिसतं, रक्तातली चरबी वाढलेल्यांतही. मिनिएचर श्नाउझरसारख्या जातींत तर ती आनुवंशिक असते. त्यामुळे काही तास उपाशी ठेवून ट्रायग्लिसराइड तपासतात. माशाचं तेल काहींना त्यासाठीच देतात, पण तेही तेलच आहे, आपल्या मनानं सुरू करायचं नाही. मापात बसणारी चरबी डॉक्टरच ठरवतील.

घरातल्या गोळ्यांचं एका वाक्यात: माणसांचं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका, पोटात कितीही दुखत असलं तरी. जीव जाऊ शकतो. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत आणि या दुखण्यात ती खरंच लागतात. कुत्रं विव्हळत नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं.

उलट्या थांबत नसतील, दिवसभर काही खाल्लं नसेल, पोट टणक लागत असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नका. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन आणि इंजेक्शनं लगेच सुरू होऊ शकतात. मोठ्या तपासण्यांसाठी परळला जाता येतं. तिथलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. मात्र माणकोलीच्या ट्रॅफिकचा वेळ धरून निघा, आणि पहिलं इंजेक्शन इथेच घेऊन निघा.

राहिले सण आणि लग्नं. बकरी ईदला शेजारून वाटा येतो, पूर्णा-काल्हेरच्या बाजूला आगरी हळद असली की रात्रभर मटणाचे टोप उतरत असतात, दिवाळीत घरभर करंज्या. झटके या दिवसांच्या मागोमाग येतात, हे आम्ही मोत्याच्या वहीत दोन वर्षं लिहून ठेवलं आहे. गेल्या महिन्यात गल्लीत हळद होती. संध्याकाळी पाचचा डबा देऊन त्याला वरच्या खोलीत नेलं, दहाचा डबा तिथेच ठेवला, आणि आजी टीव्ही लावून त्याच्याजवळ बसली. खालून वास येत होता तेव्हा तो दाराशी जाऊन दोनदा भुंकला, मग तिच्या पायाशी आडवा झाला. सकाळी सातचा डबा त्यानं चाटून साफ केला.