नगराचीं दारें कोणत्या क्रमानें उघडलीं

नगर बंद करावयास एक रात्र पुरते. तें पुन्हां उघडावयास किती दिवस लागले याचा हिशेब मात्र फारसा कोणी ठेवीत नाहीं. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांचें भाषण झालें आणि त्याच मध्यरात्रीपासून सारा देश २१ दिवसांकरितां बंद झाला. मुंबईच्या लोकल गाड्या त्यापूर्वींच, २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून, उभ्या राहिल्या होत्या. एकवीस दिवसांची मुदत वाढत गेली, मग एकेक दार किलकिलें होऊं लागलें, मध्यंतरीं कांहीं दारें पुन्हां लागलीं, आणि कोरोनाच्या साथीचे शेवटचे निर्बंध महाराष्ट्रांतून उठले ते २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं. या दोन वर्षांत कोणतें दार आधीं व कोणतें मागाहून उघडलें हें आज स्वस्थ चित्तानें पाहण्यासारखें आहे. नगराला कोणाची किती निकड वाटत होती हें त्या क्रमांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें कोणत्याही जाहीर भाषणांत दिसत नाहीं. आमच्या वाचकांच्या घरांत आजोबा व नातवंडें एका छपराखालीं राहतात. त्यांना तर या क्रमाचा विशेष विचार करणें प्राप्त आहे.

ज्या कायद्यांच्या बळावर हे निर्बंध घातले गेले त्यांतील एक १८९७ सालचा, म्हणजे प्लेगाच्या वेळचा. कायदा तोच, पण उपाय अगदीं उलट. प्लेग उंदीर व पिसवा यांच्यामार्फत घरांतच वास करून राहणारा. म्हणून त्या काळीं लोक गांव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. कोरोना माणसाच्या श्वासावाटे पसरणारा. म्हणून या खेपेस घराबाहेर पाऊल टाकूं नका असा हुकूम झाला. हुकूम योग्यच होता. परंतु ज्याच्या घराला तीन खोल्या व गच्ची, त्याला तो पाळतां येतो. ज्याच्या एका खोलींत आठ माणसें आणि शौचकूप गल्लीच्या टोकाला, त्यानें तो कसा पाळावा?

आतां तो क्रम पाहूं. ४ मे २०२० पासून महाराष्ट्रांत मद्याच्या दुकानांना परवानगी मिळाली. मुंबईंत त्यांपुढें इतक्या रांगा लागल्या कीं महानगरपालिकेला एकदोन दिवसांत तीं पुन्हां बंद करावीं लागलीं. जूनच्या ३ तारखेपासून सकाळसंध्याकाळ फिरावयास मोकळीक झाली. ५ तारखेपासून रस्त्याच्या एका बाजूचीं दुकानें एक दिवस व दुसऱ्या बाजूचीं दुसरे दिवशीं उघडूं लागलीं, आणि ८ जूनपासून खासगी कचेऱ्यांत शेंकडा दहा माणसें बोलावण्यास मुभा मिळाली. २८ जूनला केशकर्तनालयें उघडलीं, पण केस कापावयाचे, दाढी करावयाची नाहीं, अशी अट होती. (आमच्या एका स्नेह्यांनीं त्या दिवसांत राखलेली दाढी पुढें कधीं काढलीच नाहीं, व ती त्यांना शोभतेही.) ऑगस्टांत मोठीं बाजारसंकुलें, ऑक्टोबरांत खाणावळी, त्याच महिन्याच्या मध्यास वाचनालयें, नोव्हेंबरच्या ५ तारखेस चित्रपटगृहें, आणि १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशीं, देवालयें. वाचनालयाच्या आधीं खाणावळ उघडावी याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. पोटाचा प्रश्न आधीं, आणि त्या धंद्यावर हजारों कुटुंबांचें पोट अवलंबून होतें.

लोकल गाडीची कथा याहून लांब. साथीपूर्वीं या गाड्यांतून रोज पंचाहत्तर लाखांवर माणसें जात येत. १५ जून २०२० पासून त्या पुन्हां धांवूं लागल्या, पण केवळ अत्यावश्यक सेवेंतील नोकरांसाठीं. २१ ऑक्टोबरपासून स्त्रियांना, ठराविक वेळीं. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना, परंतु पहांटे, दुपारीं आणि रात्रीं उशीरां. म्हणजे ज्या वेळीं बहुतेकांना जावयाचें असतें ती वेळ सोडून. एप्रिलांत दुसरी लाट आली आणि दार पुन्हां मिटलें. १५ ऑगस्ट २०२१ पासून ज्यांनीं लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस लोटले आहेत त्यांना प्रवेश मिळाला. मीमांसेंत कोणत्या कर्माचा अधिकार कोणास यावर मोठा खल केलेला आहे. तिकिटाच्या खिडकीपाशीं अधिकारभेदाचा असा खल होईल असें कोणा शास्त्र्याच्या स्वप्नींही आलें नसेल. पण हा भेद निराधार नव्हता. गाडीच्या डब्यांत माणसें एकमेकांच्या तोंडापाशीं तोंड ठेवून उभीं असतात, तेव्हां थोडथोडीं घ्यावीं हेंच शहाणपण.

हीं दारें बंद असतां नगर चाललें कशावर? कांहीं अंशीं सरकारी धान्यावर : एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशीं पांच किलो धान्य मोफत मिळूं लागलें आणि शिवभोजनाची थाळी पांच रुपयांस झाली. ज्यांची शिधापत्रिका येथील नव्हती ते गवंडी, सुतार, हमाल पायींच गांवाकडे निघाले. त्यांच्यासाठीं खास आगगाड्या सुटल्या त्या १ मेपासून. आणि पुष्कळ अंशीं नगर चाललें तें शेजाऱ्यांवर. याचें मोठें उदाहरण धारावीचें. अवघ्या अडीच चौरस किलोमीटरांच्या आंत आठ लाखांवर वस्ती. तेथें पहिला रोगी १ एप्रिल २०२० रोजीं आढळला, तेव्हां आतां येथें हाहाकार उडणार असें बहुतेकांस वाटलें. रोगी येईपर्यंत वाट पाहूं नये, आपण दारोदार जाऊन त्याला शोधावें, असें पालिकेनें ठरविलें. वस्तींतील खासगी डॉक्टर तिच्या माणसांबरोबर गल्लोगल्लीं हिंडले. सार्वजनिक शौचकूप दिवसांतून अनेक वेळां धुतले जाऊं लागले. तरुण मंडळांनीं व संस्थांनीं शिजलेलें अन्न पोहोंचविलें. घरांत वेगळें ठेवावयास जागा नाहीं म्हणून संशयितांना शाळांत, मंगल कार्यालयांत व क्रीडासंकुलांत नेऊन ठेविलें. १० जुलै रोजीं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं साथ आटोक्यांत आणतां येते याच्या उदाहरणांत धारावीचें नांव घेतलें.

वरच्या यादींत शाळा आली आहे हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या असें आपण म्हणतों; वास्तविक अनेक शाळांच्या इमारती बंद नव्हत्याच. त्यांत संशयित राहिले, धान्य सांठविलें गेलें, वाटलें गेलें. शिक्षकही घरीं बसले नाहींत : कोणी घरोघर ताप मोजीत होते, कोणी शिधावाटपाच्या दुकानापाशीं रांग लावीत होते. नगराला शाळेची इमारत हवी होती, मास्तर हवे होते. फक्त त्यांनीं शिकवावें अशी निकड कोणास नव्हती.

मुंबईबाहेर नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पांचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्यास सरकारनें संमति दिली. मुंबईनें तेव्हांही शाळा मिटूनच ठेविल्या. दुसऱ्या लाटेनंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं आठवीपासूनचे वर्ग उघडले. त्याच महिन्यांत घटस्थापनेला देवळें उघडलीं, २२ तारखेला नाट्यगृहें व चित्रपटगृहें उघडलीं. पहिली ते सातवीचीं मुलें मात्र मुंबईंत वर्गांत आलीं तीं १५ डिसेंबर २०२१ रोजीं. जानेवारीच्या आरंभीं तिसऱ्या लाटेच्या भीतीनें त्यांना पुन्हां घरीं पाठविलें आणि २४ जानेवारी २०२२ ला परत बोलाविलें. म्हणजे जून २०२० मध्यें जें मूल पहिलींत दाखल झालें, त्यानें वर्गाचा उंबरठा प्रथम ओलांडला तो दुसरीचे पांचसहा महिने उलटल्यावर.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं अनध्यायाचे प्रसंग सांगितले आहेत : मेघगर्जना, उल्कापात, धुळीचें वादळ, कोल्हेकुई, गांवांत प्रेत पडलेलें असणें. त्या याद्या वाचून हल्लींचे तरुण हंसतात. परंतु त्यांत एक मर्म आहे. प्रत्येक अनध्यायाला हद्द घालून दिलेली आहे. कोठें एक अहोरात्र, कोठें तीन रात्री, प्रेत असेल तर तें हलेपर्यंत. अध्ययन थांबविणें ही एवढी गंभीर गोष्ट कीं तें पुन्हां केव्हां सुरू व्हावयाचें हें सांगितल्याशिवाय थांबवूं नये. एकवीस महिन्यांचा अनध्याय, आणि तो केव्हां संपणार हें मुलाला, बापाला किंवा मास्तराला ठाऊक नाहीं, असें कोणत्याही स्मृतींत आमच्या वाचनांत नाहीं.

यावर कोणी म्हणतील, शिक्षण थांबलें कोठें होतें? तें दूरध्वनीवरून चालू होतें. तें खरें, पण ज्याच्या घरीं यंत्र होतें त्याच्यापुरतें. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू झाली, ती चांगली होती. सोलापूरच्या नीलमनगरांत शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर पाठच्या पाठ रंगवून काढले आणि मुलें गल्लींतून हिंडत तें वाचूं लागलीं; याला आम्ही खरें मास्तरपण म्हणतों. पण सामान्यतः गरिबाघरीं यंत्र एक, तेंही बापाचें. बाप घरीं बसून होता तोंवर मुलाला तें मिळे. मग कचेऱ्या उघडल्या, कारखाने उघडले, गाड्या सुटल्या. बाप कामाला गेला आणि यंत्र त्याच्या खिशांतून गेलें. नगराचें एकेक दार उघडलें तसतशी त्या मुलाची उरलीसुरली शाळा बंद होत गेली.

शाळा बंद ठेवण्याचें कारण काय, हेंही स्पष्ट लिहिलें पाहिजे. लहान मुलांना हा रोग बहुधा सौम्य होतो हें लौकरच कळून आलें होतें. भीति होती ती मूल शाळेंतून रोग घरीं आणील आणि आजोबा-आजींना देईल ही. साठीवरील आम्हां मंडळींनाच त्यापासून प्राणभय अधिक. लस १ मार्च २०२१ पासून साठीवरील सर्वांना मिळूं लागली, तोंवर ही काळजी रास्त होती, आणि उन्हाळ्यांतील दुसऱ्या लाटेनें तर ती दुप्पट केली. तथापि अर्थ उघड आहे : सहा वर्षांचीं मुलें घरीं बसलीं तीं मुख्यतः आमच्या पिढीच्या जिवासाठीं. एकत्र कुटुंबांत वडील मंडळींनीं लहानांसाठीं झिजावें अशी रीत. या वेळीं ती उलटी झाली. ज्या घरांत शिकलेले आजोबा होते तेथें याची थोडीबहुत फेड झाली. आमच्याच घरीं दोन नातवांचा वर्ग माजघरांत भरे आणि त्यांची आजी हजेरी घेई. पण अशीं घरें किती?

आमच्या इमारतीच्या व्यवस्थापकांनीं मार्चमध्येंच जिन्याशीं पाटी लावली कीं कामाच्या बायांस आंत घेऊं नये. सरकारनें पुढें घरकामाची मनाई काढली तरी पाटी ऑगस्टपर्यंत तशीच होती. या अवधींत माल घरपोंच आणणारे तरुण रोज डझनांनीं वर येत जात. त्यांना अडविलें तर आपल्याला आंबे कोण आणून देणार? जुलैंत मुंबईच्या तीन विभागांत लोकांचें रक्त तपासलें, त्यांत झोपडवस्तींतील शेंकडा ५७ आणि इतर वस्तींतील शेंकडा १६ लोकांना रोग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. आमच्या शेजाऱ्यांनीं हे आंकडे पाटीच्या समर्थनार्थ वाचून दाखविले. आम्हांस त्यांत दुसरें दिसलें : साथीचा भार कोणीं वाहिला तें. आमच्याकडील बाईंना त्या महिन्यांचें वेतन घरच्या मंडळींनीं पोहोंचतें केलें. इमारतींतील सर्वच घरांनीं तसें केलें असतें तर बरें झालें असतें.

या बाईंची धाकटी मुलगी वर सांगितलेल्या मुलांपैकींच. जून २०२० मध्यें पालिकेच्या शाळेंत पहिलींत नांव घातलेलें. २०२२ च्या उन्हाळ्यांत ती आईबरोबर संध्याकाळीं येऊं लागली. दहापर्यंतचे पाढे ऐकून ऐकून तोंडपाठ, पण ‘कमळ’ हा शब्द फळ्यावर लिहिला तर चित्राशिवाय ओळखूं येईना. ती तिसरींत जाणार होती. हें तिच्या एकटीचें नव्हे. ‘असर’ या नांवाची देशांतील खेड्यांची पाहणी प्रसिद्ध होत असते, तींत २०१८ सालीं तिसरीच्या मुलांपैकीं शेंकडा २७.३ मुलांना दुसरीचा धडा वाचतां येत होता. २०२२ सालीं हें प्रमाण २०.५ वर आलें. आंकडे खेड्यांचे असले तरी आमच्या जिन्यावरची मुलगी त्यांत सहज बसते.

तिच्यासाठीं आम्हीं वयाप्रमाणें तिसरीचें पुस्तक न घेतां बाराखडीपासून आरंभ केला. येथें ज्या वाचकांच्या हातीं असें मूल येईल त्यांस अनुभवानें सांगतों कीं, इयत्ता विचारूं नये. काय येतें तें पाहून तेथून पुढें जावें. रोज पाऊण तास पुरतो. आधीं आपण मोठ्यानें वाचावें, मग दोघांनीं मिळून, मग तिनें एकटीनें. आणि चुकल्यावर लगेच शब्द सांगूं नये, थांबावें. थांबणें हेंच वृद्ध माणसाला चांगलें जमतें, कारण आम्हांस कोठें जावयाची घाई नसते. गणपतींपर्यंत तिला साधे शब्द व वाक्यें येऊं लागलीं, दिवाळीनंतर जोडाक्षरें. पुढें तिच्या चाळींतील आणखी तिघें येऊं लागलीं; त्यांतला एक मुलगा तिच्याहून वर्षानें मोठा, पण बसतो तिच्याच मागें. जून २०२४ मध्यें ती पांचवींत गेली तेव्हां पहिल्या दिवशीं मराठीचें नवें पुस्तक घेऊन आली आणि पहिला धडा न अडखळतां वाचून दाखविला. हातच्याची वजाबाकी मात्र अजून घोटावी लागे.