हुक वळण

हुक वळण हा डावीकडून वाहतूक चालणाऱ्या प्रदेशांत उजवीकडे वळण्याचा एक विशेष प्रकार आहे. यात वाहन सर्वांत डावीकडील मार्गिकेतून उजवीकडे वळते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या मध्यवर्ती भागातील अनेक चौकांत ही पद्धत बंधनकारक आहे.

कारण

भारताप्रमाणेच ऑस्ट्रेलियात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. एरवी उजवीकडे वळणारे वाहन रस्त्याच्या मध्याजवळील मार्गिकेत येते व समोरची वाहतूक सरेपर्यंत तेथे थांबते. मेलबर्नमध्ये ट्रामचे रूळ मुख्यतः रस्त्याच्या मध्यभागी असल्याने असे थांबलेले एक वाहनही मागील ट्राम अडवू शकते. हुक वळणामुळे रूळ मोकळे राहतात.

पद्धत

चालक उजवीकडे वळण्याचा इशारा देत डाव्या मार्गिकेतून हिरव्या दिव्यावर चौकात शिरतो. चौकाच्या पलीकडील डाव्या कडेला, पादचारी मार्ग मोकळा ठेवून तो थांबतो. ज्या रस्त्यावर जायचे आहे, त्या रस्त्यावरील वाहनांसाठीचा दिवा हिरवा झाल्यावर तो वळण पूर्ण करतो.

सुरक्षितता

हुक वळणाच्या चौकांत तसे दर्शवणारे फलक असतात. फलक नसताना डाव्या मार्गिकेतून मोटार उजवीकडे वळवल्यास ती सरळ जाणाऱ्या वाहनांच्या आडवी येते व अपघाताचा धोका निर्माण होतो. फलक उशिरा दिसल्यास ऐनवेळी मार्गिका बदलण्याऐवजी सरळ पुढे जाणे सुरक्षित ठरते. सायकलस्वारांना मात्र, मनाई नसलेल्या इतर चौकांतही हुक वळण घेता येते.