लाल डोळ्यांची कारणमीमांसा

नेत्रगोलाचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू यांवर जे अत्यंत तलम, पारदर्शक आवरण पसरलेले असते, त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कोणत्याही उपद्रवाने फुगल्या की डोळा लाल होतो व सुजतो. उपद्रव विषाणूचा असो, परागकणांचा असो, चुलीच्या धुराचा असो, की पापणीच्या कडेला साचलेल्या कोंड्याचा असो, शरीराचे प्रत्युत्तर पुष्कळसे एकच असते. आणि म्हणूनच नुसती लाली पाहून, शेजाऱ्याला लागू पडलेले थेंब आपल्याही डोळ्यांत बिनदिक्कत घालण्याचा प्रघात मला फार घातक वाटतो.

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आपल्या परिचयाची आहे. 2023 च्या जुलैत आळंदी व पुणे परिसरात उद्भवलेली विषाणूजन्य साथ राज्यभर पसरली. 1969 मध्ये घानात प्रथम नोंदली गेलेली आणि 1971 मध्ये मुंबई व बंगालपर्यंत येऊन पोचलेली साथ मात्र निराळ्या विषाणूची होती, तिच्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरे, आणि बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाचे ते वर्ष असल्याने बंगाली जनतेने तिचे ‘जय बांगला’ असे नामकरण करून टाकले. अशा साथीत डोळा चुरचुरतो, पाणी गळते, आत कण गेल्यासारखे खुपते आणि कित्येकदा कानाच्या पुढे बोट फिरवले असता लहानशी दुखरी गाठ हाताला लागते. रोग्याकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात ही घरोघरी चालत आलेली समजूत निराधार आहे. हात, पंचा, उशीचा अभ्रा हेच त्या विषाणूचे मार्ग होत, आणि काळा चष्मा रोग्याला उजेडाचा त्रास कमी करतो, इतरांचे रक्षण करीत नाही. या विकारावर प्रतिजैविकांचा इलाज चालत नाही. सकाळी पापण्या दाट पिवळ्या चिपडांनी चिकटून बसत असतील, तर मात्र जिवाणूंचा संशय घ्यावा लागतो.

परंतु जेथे खाज हीच मुख्य तक्रार असते, तेथे बहुधा ॲलर्जीच कारणीभूत असते. विशेषतः उन्हाळा लागला की पाच-सहा वर्षांपुढील काही मुले, त्यांतही मुलगे अधिक, सारखे डोळे चोळू लागतात. नेत्रवैद्य त्यांची वरची पापणी उलटवतो तेव्हा आत फरसबंदीसारखे चपटे उंचवटे दिसतात, आणि कोपऱ्यातून चिकट, दोऱ्यासारखा स्राव निघतो. चोळण्याने खाज क्षणभर शमते, पण वर्षानुवर्षांच्या चोळण्याने डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याला शंकूचा आकार येऊन दृष्टी विकृत होण्याचा संभव असतो.

याच मुलांच्या बाबतीत एका अनर्थाची दखल घेणे मला अगत्याचे वाटते. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी खाज व लाली झपाट्याने ओसरते. त्यामुळे एकदा डॉक्टरांनी थोड्या मुदतीसाठी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन पालक पुढे दर उन्हाळ्यात परस्पर औषधाच्या दुकानातून तीच बाटली आणीत राहतात, आणि डोळा बाहेरून निर्मळ दिसत असताना आत दाब वाढत जाऊन काचबिंदूने दृष्टिनाडी झिजत असते. याच थेंबांनी मोतीबिंदू झाला तर शस्त्रक्रियेने नजर परत आणता येते. काचबिंदूने हिरावलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही. तेव्हा असले थेंब चालू असेतोवर डोळ्याचा दाब वेळोवेळी तपासून घेणे आवश्यक आहे. खाजेसाठी तूर्त थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲलर्जीरोधक थेंब घालावेत.

पापणीवरची रांजणवाडी एका जागी दुखते व साधारणतः शेकाने बरी होते. तिचा फारसा बाऊ करण्याचे कारण नाही. मात्र लालीबरोबर डोळा आतून ठणकू लागला, नजर अंधुक झाली, उजेड असह्य झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसून मळमळ होऊ लागली, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा एक डोळा दुखू लागला, तर लेन्स तत्काळ काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तपासणीपूर्वी घरातले कोणतेही थेंब घालू नयेत.