इरिडियम : गंजत नाही, झिजत नाही, पुरत नाही

जगभरच्या खाणींतून वर्षाकाठी तीन हजार टनांहून अधिक सोने निघते. इरिडियम निघते जेमतेम सात-आठ टन. तरी सोन्याचा भाव घरोघरी तोंडपाठ असतो आणि इरिडियमची ओळख रसायनशास्त्राच्या तक्त्यापाशीच थांबते. हा धातू अंगावर मिरवण्यासाठी फारसा कोणी घेत नाही. उष्णता, आम्ल किंवा घर्षण यांपुढे बाकीचे धातू जिथे टिकाव धरत नाहीत, तिथे तो चिमूटभर लागतो. त्या चिमटीला पर्याय मात्र सहसा सापडत नाही.

शोध कसा लागला

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले रसायनशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतून येणारे कच्चे प्लॅटिनम आम्लराजात विरघळवत. सोन्यालाही विरघळवणाऱ्या या आम्लमिश्रणाच्या तळाशी प्रत्येक वेळी थोडी काळी भुकटी उरायची. ती ग्रॅफाइट असावी, असे काहींना वाटे. लंडनमध्ये स्मिथसन टेनंट यांनी या भुकटीवर आळीपाळीने अल्क आणि आम्ल यांची प्रक्रिया केली आणि १८०३ मध्ये तिच्यातून दोन नवे धातू ओळखले : ऑस्मियम आणि इरिडियम. इरिडियमचे क्षार नाना रंगांचे निघाले, म्हणून ग्रीक पुराणातील इंद्रधनुष्याच्या देवतेवरून त्याचे नाव ठेवले गेले. मूळ धातू मात्र पिवळसर झाक असलेला रुपेरी आहे.

प्लॅटिनम, पॅलेडियम, र्‍होडियम, रुथेनियम आणि ऑस्मियम ही त्याची भावंडे. ही सहाही बहुधा एकाच खनिजात सापडतात.

गुणधर्म

अणुक्रमांक ७७. द्रवणांक सुमारे २,४४६ अंश सेल्सिअस. लोखंड १,५३८ अंशांना आणि प्लॅटिनम १,७६८ अंशांना वितळते. घनता प्रतिघनसेंटिमीटर २२.५६ ग्रॅम. लिटरभर दुधाच्या पिशवीएवढा इरिडियमचा तुकडा उचलायचा झाला, तर साडेबावीस किलो वजन पेलावे लागेल. ऑस्मियम किंचित अधिक घन आहे, पण त्याची हवेशी अभिक्रिया होऊन विषारी ऑक्साइड तयार होते. त्यामुळे व्यवहारात वजनाचा मान इरिडियमकडेच जातो.

गंजण्याच्या बाबतीत तर हा सर्वांत चिवट धातूंपैकी एक. साध्या तापमानाला आम्लराजही त्याच्या सलग तुकड्याचे काही बिघडवू शकत नाही.

हाच चिवटपणा कारागिराच्या मुळावर येतो. इरिडियम अत्यंत कठीण आणि ठिसूळ आहे. थंड स्थितीत ठोकले तर तडकते, म्हणून त्याला लालबुंद तापवूनच आकार द्यावा लागतो. त्याला एक मर्यादाही आहे. हजार अंशांच्या पुढे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे बाष्पशील ऑक्साइड बनते आणि धातू हळूहळू उडून जातो. म्हणून अतिउच्च तापमानाची कामे बहुधा नायट्रोजनसारख्या वायूच्या आवरणात करतात.

इतका दुर्मीळ का?

पृथ्वी तप्त, वितळलेल्या अवस्थेत होती तेव्हा लोखंड केंद्राकडे बुडाले आणि लोखंडाशी सलगी असलेले इरिडियमही त्याच्याबरोबर खाली गेले. भूकवचात ते अब्जात एखाद्या भागाहूनही कमी उरले. उल्कांमध्ये मात्र त्याचे प्रमाण शेकडो पटींनी जास्त असते.

जगातील पुरवठ्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा दक्षिण आफ्रिकेचा. बाकीचे मुख्यतः झिंबाब्वे आणि रशियातून येते. इरिडियमसाठी म्हणून कोणी खाण खोदत नाही. प्लॅटिनम काढताना ते अल्प प्रमाणात हाती लागते आणि शुद्धीकरणाच्या लांबलचक प्रक्रियेत अगदी शेवटी वेगळे होते. त्यामुळे मागणी वाढली तरी उत्पादन वाढत नाही, वाढतो तो भाव. २०२१ मध्ये त्याने प्रति औंस ६,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. तेव्हा सोने १,८०० डॉलरच्या आसपास होते.

सराफ बाजारातील लबाडी

इरिडियम सोन्यापेक्षा स्वस्त होते त्या काळात त्याची भुकटी दागिन्यांत मिसळण्याचे प्रकार आपल्याकडे होत. सोन्यात चांदी किंवा तांबे विरघळते, इरिडियम विरघळत नाही. त्याचे कण सोन्यात अडकून राहतात. ते सोन्याहून जड असल्यामुळे पाण्यात वजन करून घनता पाहिली तरी भेसळ चटकन कळत नाही. दागिना मोडून सोने आम्लराजात शुद्ध करायला घेतले, की ही भुकटी तळाशी बसते आणि घट अंगावर येते. एक्स-रे चाचणीच्या यंत्रावर मात्र इरिडियम वेगळे ओळखता येते. २०२१ मध्ये ते सोन्याच्या तिप्पट भावाला गेले आणि ही लबाडी करणाऱ्यालाच महाग पडू लागली.

डायनासोर आणि सह्याद्रीचा कातळ

इरिडियमला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती मातीच्या एका पातळ थरामुळे. इटलीतील गुब्बिओजवळच्या चुनखडीत साडेसहा कोटी वर्षांहून जुना असा एक चिकणमातीचा थर आहे. डायनासोर नामशेष झाले तो हाच काळ. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ हे पितापुत्र, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी त्या मातीत नेहमीच्या तीसपट इरिडियम मोजले. डेन्मार्कमधील त्याच काळच्या थरात ते १६० पट भरले. इतके इरिडियम बाहेरूनच, म्हणजे एखाद्या प्रचंड लघुग्रहातून आले असावे, असे त्यांनी १९८० मध्ये मांडले. पुढे मेक्सिकोच्या युकातान भागात जमिनीखाली दडलेले चिक्शुलूबचे महाविवर या आघाताशी जोडले गेले.

विरोधकांनी बोट दाखवले ते महाराष्ट्राकडे. ज्या लाव्हापासून सह्याद्री आणि दख्खनचे पठार घडले, तो नेमका याच सुमारास उसळत होता. हवाई बेटांवरील किलौआ ज्वालामुखीच्या वायूतही इरिडियम आढळल्याने या शंकेला बळ मिळाले. मात्र दख्खनच्या काळ्या पाषाणात ते फारच थोडे आहे. कच्छमध्ये अंजारजवळ लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील गाळातही इरिडियमयुक्त थर मिळाले. त्यांच्याखाली आधीचा लाव्हा आहे, म्हणजे उद्रेक आघातापूर्वीच सुरू झाले होते. विनाशाचे मुख्य कारण आघात, हे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्यात दख्खनच्या उद्रेकांचा वाटा किती, यावर वाद चालूच आहे.

कुठे कुठे वापरतात

*मापन :* १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे जपलेला ३९ मिलिमीटर उंचीचा एक दंडगोल होता. तो ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियमचा. इरिडियममुळे प्लॅटिनमला काठिण्य आले. तरीही शतकभरात हा दंडगोल आणि त्याच्या प्रती यांच्या वजनांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारली गेली.

*लेखणी आणि इंजिन :* फाउंटन पेनच्या सोन्याच्या निबला कागदावर झिजू नये म्हणून टोकाशी इरिडियम गटातील मिश्रधातूचा बारीक मणी जोडत. आज बऱ्याच निबवर ‘इरिडियम पॉइंट’ कोरलेले असले, तरी मणी बहुधा टंगस्टन किंवा इतर धातूंचा असतो. मोटारीच्या स्पार्क प्लगमध्ये मात्र खरे इरिडियम असते. त्याचे टोक ०.४ मिलिमीटरइतके बारीक ठेवले तरी ठिणग्यांच्या माऱ्यात लवकर झिजत नाही.

*मूस :* सोनाराची मूस असते तशी इरिडियमची मूस स्फटिक वाढवण्यासाठी वापरतात. मोबाइलमधील फिल्टरसाठी लागणारे लिथियम टँटॅलेटचे आणि पेट स्कॅनमध्ये किरण टिपणारे स्फटिक अशा मुशीत, वितळलेल्या रसातून सावकाश ओढून काढतात. मूस जुनी झाली की तिचा धातू वितळवून पुन्हा वापरतात.

*रसायने आणि पडदे :* मिथेनॉलपासून असेटिक आम्ल बनवण्याच्या एका प्रमुख पद्धतीत इरिडियमचे संयुग उत्प्रेरक असते. ओएलईडी पडद्यांतील लाल आणि हिरवा प्रकाशही त्याच्या संयुगांतून येतो.

*अवकाश :* सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या, १९९९ मध्ये सोडलेल्या ‘चंद्रा’ क्ष-किरण दुर्बिणीच्या आरशांवर इरिडियमचा मुलामा आहे. मंगळावरील ‘क्युरिऑसिटी’ गाडीला वीज पुरवणारे प्लुटोनियम इरिडियमच्या मिश्रधातूच्या कवचात बंद आहे. अपघात झाला तरी ते फुटू नये, यासाठी ही योजना.

कर्करोगावरील उपचार

इरिडियमला अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा दिला, की इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी समस्थानिक तयार होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारख्या आजारांत याचा काही मिलिमीटरचा स्रोत बारीक नळीतून थेट गाठीपर्यंत नेतात आणि ठरावीक मिनिटांनी मागे घेतात. मारा जवळून होत असल्यामुळे आसपासच्या निरोगी भागाला त्याची झळ कमी लागते. स्रोताची ताकद लवकर ओसरत असल्याने तो साधारण दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो.

पाइपलाइन आणि बॉयलरच्या वेल्डिंगमध्ये दडलेल्या भेगा शोधायलाही हेच किरण वापरतात. भारतात असे स्रोत पुरवण्याचे काम अणुऊर्जा विभागाची नवी मुंबईतील ‘ब्रिट’ ही संस्था करते, तर त्यांच्या वापरावर देखरेख मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाची असते.

हरित हायड्रोजनची अडचण

पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवण्याची एक पद्धत आम्लधर्मी पडदा वापरते. सौर आणि पवनऊर्जेतील चढ-उतारांशी ती चांगली जुळवून घेते. तिच्या धनाग्राजवळ आम्ल, ऑक्सिजन आणि विद्युतदाब एकत्र येतात. तिथे तग धरणारा आणि उत्प्रेरक म्हणूनही चांगले काम देणारा पदार्थ म्हणजे मुख्यतः इरिडियमचे ऑक्साइड. प्रचलित रचनेत एक गिगावॅट क्षमतेसाठी काहीशे किलो इरिडियम लागते. वर्षाचे जागतिक उत्पादन सात-आठ टनच, आणि त्यावर आधीचे अनेक दावेदार.

भारताने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे. अल्कधर्मी पद्धतीला इरिडियम लागत नाही, त्यामुळे सगळा भार या धातूवर पडणार नाही. आम्लधर्मी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरायची असेल, तर मात्र दोन गोष्टी साधाव्या लागतील : थर इतका पातळ करणे की प्रतिकिलोवॅट इरिडियम कित्येक पटींनी कमी पुरेल, आणि बाद झालेल्या संचांतून ते जवळपास पूर्णपणे परत मिळवणे. नव्या खाणीच्या आशेवर ही योजना आखता येणार नाही.